मावशी जरा घाईने पडतात

विमानातून उडी मारली की सगळेच खाली पडतात, त्यात कोणाचं विशेष कौतुक नाही. पण मावशी जरा जास्तच घाईने पडायच्या. बाकीची तीन माणसं वर हातात हात घालून निवांत गोल करताहेत आणि मावशी त्यांच्या खालून, गच्चीवरून सुटलेल्या बादलीसारख्या, जमिनीकडे निघाल्या आहेत, हे दृश्य पॅराशूटवाल्यांच्या मैदानावर लोकांनी तीनदा पाहिलं होतं. तिसऱ्या वेळी तर खाली दुर्बीण लावून बसलेल्यांपैकी कोणी तरी न राहवून म्हणालं की मावशींना गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली असावी. ते मावशींच्या कानावर आलं. त्या हसल्या, कारण हसण्यावारी नेणं हा त्यांचा स्वभावच. पण घरी जाताना बसमध्ये सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसल्या.

कारण अगदी साधं होतं. जड माणूस हवेतून जोरात पडतो, हलका सावकाश. वजनाचा विषय शहाणा माणूस कोणत्याही बाईसमोर काढत नाही, पण हवेला कुठली आलीय रीतभात? मावशींचा बांधा दणकट, खांदे रुंद, आणि उभ्या आयुष्यात एकही जेवण चुकवलेलं नाही. जमिनीवर त्या चालत आल्या की दुकानात एकदम काही तरी होणार असं वाटायचं आणि ते व्हायचंही. हवेत मात्र हाच भारदस्तपणा अंगाशी यायचा.

दुकान म्हणजे लाँड्री. मावशींची आणि त्यांच्या नवऱ्याची. तो धुलाईची मशिनं बघायचा, मावशी इस्त्री आणि गिऱ्हाईक. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, मुलाखतीच्या आदल्या दिवशी धावतपळत आलेले सूट. दुकानाची काच दिवसभर वाफेने धूसर असायची आणि रस्त्यावरची माणसं तिच्यातून नुसते रंगांचे ठिपके दिसायची. अशा जागी इतकी वर्षं उभं राहिलेल्या बाईला मोकळ्या आकाशाची ओढ लागली तर नवल काय, असं एखादा म्हणेल. पण तसं काही नव्हतं. मावशींना लाँड्री मनापासून आवडायची. आकाशाचं खूळ डोक्यात भरलं ते मुलीमुळे.

मुलगी बाहेरगावी शिकायला. तिने आईच्या वाढदिवसाला भेट म्हणून उडी ठरवली, दोघींची, प्रत्येकीच्या पाठीला एकेक प्रशिक्षक बांधलेला. महिनाभर ती मैत्रिणींना सांगत सुटली होती. वर गेल्यावर विमानाचं दार उघडलं, गार वारा आत घुसला, खाली शेतांचे तुकडे दिसले आणि मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दाराशेजारची दांडी जी घट्ट धरली ती सोडेचना. आई, तू हो पुढे, एवढंच कसंबसं म्हणाली. आणि मावशी झाल्या पुढे. मुलगी विमानाबरोबर परत आली, आई पॅराशूटबरोबर. पॅराशूट उघडून सगळं शांत झालं तेव्हा मावशींनी पाठीशी बांधलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारला तो असा की, एकटीने करायचं असेल तर शिकवता का?

ही पाठीशी बांधलेली बाई म्हणजे मॅडम. वयाने मावशींपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अंगाने सुतळी, आवाज मात्र विमान ठेवायच्या हँगरच्या पत्र्याला कंप सुटेल असा. मॅडमनी शिकवलं. उन्हाळा संपेपर्यंत मावशी एकट्या उडी मारायला लागल्या, स्वतःच्या पॅराशूटची घडी स्वतः घालायला लागल्या. मैदानावर सगळ्यांची खात्री होती की लाँड्रीवाल्या बाईला घडी चुटकीसरशी जमेल. पण ते कापड इतकं निसरडं की मावशींनी अक्षरशः हात टेकले. त्यांना सवय चादरीला दम देऊन सरळ करायची, आणि हे कापड कोणाचा दम मानत नव्हतं.

तर उडी मारता आली, उतरता आलं, घडीही शेवटी जमली. मग अडलं कुठे?

अडलं ते असं. मैदानावर सगळे त्यांना मावशी म्हणत. आल्या की खुर्ची पुढे करत, चहाचा पहिला कप त्यांना देत, त्यांची बॅग कोणी तरी आपणहून उचले. नाव ठेवायला जागा नाही इतका मान. पण तुम्हीच सांगा, ज्या घरात आपल्याला दर खेपेला बाहेरच्या खोलीत बसवून पाणी आणून देतात, त्या घरचे आपण असतो का? मैदानावर दर रविवारी संध्याकाळी शेवटची फेरी एकत्र जायची. जुनी माणसं सगळी मिळून उडी मारायची आणि वर एक मोठा गोल करायची. उतरली की मग तासभर नुसता गोंगाट, कोण कुठून आला, कोणाचा पाय कोणाच्या तोंडावर बसला. त्या फेरीत जायचं तर आधी चौघांचा लहान गोल जमवून दाखवावा लागे. जो ते करत नाही तो खाली बाकावर. मावशी बाकावर असायच्या, हातात दुर्बीण आणि दुसऱ्यांची जाकिटं सांभाळत. थंडी पडली की मैदान चार महिने बंद व्हायचं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की बंद व्हायच्या आत गोल जमला तर जमला, नाही तर हे खूळ सोडायचं. एकटीने किती पडत राहायचं माणसाने?

म्हणून मग उपाय सुरू झाले. लहान गोलाला त्यांच्याबरोबर तिघे असत: मॅडम, एक दातांचे डॉक्टर, आणि घरांची वायरिंग करणारा एक लुकडा तरुण, ज्याला सगळे वायरमन म्हणत. नव्या माणसाने सगळ्यांत शेवटी उडी मारायची आणि आधीच्या तिघांपर्यंत पोचायचं, अशी तिथली पद्धत. डॉक्टरांनी सांगितलं, हातपाय पसरून पोट आत घ्या, वेग कमी होतो. मावशींनी पोट इतकं आत घेतलं की अंग थरथरायला लागलं आणि त्या हवेत तव्यावरच्या पापडासारख्या हलत खाली गेल्या. वायरमनने सुचवलं, ढगळ सूट घाला, हवा धरतो. मावशींनी दुकानातल्या शिलाई मशिनवर सुटाला काखेपासून कमरेपर्यंत कापडाच्या कळ्या जोडल्या. त्यात त्या तंबूसारख्या दिसायला लागल्या आणि तरी खाली गेल्या. मग त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. नवऱ्याने काही दिवस गुपचूप पाहिलं आणि मग म्हणाला की अशीच चाललीस तर विमानातून उडी मारशील आणि वरच राहशील, भाड्याने कोणाला तरी पाठवावं लागेल तुला उतरवायला. मावशी हसल्या नाहीत. त्यांना भूक लागली होती.

आणि मग चौथी खेप.

त्या दिवशी ढग नव्हता, वारा नव्हता, सबब सांगायला काहीच नव्हतं. मावशी दारातून बाहेर पडल्या, तिघांचा गोल समोर दिसला, अगदी जवळ. त्यांनी हात पुढे केला. हात पुढे केला की माणूस मागे सरकतो, हे त्यांना शंभरदा सांगितलेलं. त्या मागे सरकल्या, मग घाबरून अंग आवळलं, आणि झालं. गोल वर जाताना दिसायला लागला. म्हणजे गोल जागेवरच होता, मावशीच निघाल्या होत्या. वायरमन त्यांना काही तरी खूण करत होता. त्यांना ती दिसली नाही. त्यांना दिसत होता खालचा बाक, त्याच्यावरची माणसं, आणि दूध उतू जाण्याचा तो विनोद. कधी एकदा हे संपतं असं झालं त्यांना.

खाली गेलेल्या माणसासाठी एकच नियम असतो, आणि तो पहिल्या दिवसापासून घोकून घेतात. आधी बाजूला सरकायचं, लांब जायचं, आणि ठरलेल्या उंचीशिवाय पॅराशूट उघडायचं नाही. कारण तुम्ही पॅराशूट उघडलंत की तुम्ही जवळजवळ थांबता आणि वरची माणसं तुमच्या डोक्यावर दगडासारखी येत असतात. मावशींना हा नियम झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता. पण लाज ही गोष्ट अशी आहे की ती आधी डोकं बंद करते. त्यांनी कमरेमागची मूठ ओढली, ठरलेल्या उंचीच्या कितीतरी आधी, तिघांच्या बरोबर खाली.

पॅराशूट फाडकन उघडलं. आणि त्याच क्षणी उजवीकडून काही तरी काळं, प्रचंड वेगाने, कानाला आवाज जाणवेल इतक्या जवळून खाली गेलं. तो वायरमन होता.

तो सुखरूप उतरला. सगळेच उतरले. मावशी जमिनीवर पाय टेकवून उभ्या राहिल्या तेव्हा मॅडम पॅराशूट तसंच ओढत धावत येत होत्या. एरवी मावशींना अहोजाहो करणाऱ्या या बाईने सगळ्या मैदानासमोर त्यांना अगंतुगंवर घेतलं.

"काय केलंस तू? तो हातभर बाजूला होता म्हणून वाचला. तुझ्यात शिरला असता तर आज दोन घरी निरोप घेऊन मी गेले असते. कशासाठी? चार माणसं हसतील म्हणून?"

मावशींनी मान खाली घातली. वायरमन हँगरच्या पायरीवर बसून हेल्मेटचा पट्टा सोडवत होता आणि त्याच्या बोटांना तो सुटत नव्हता. मावशींना जाऊन सोडवून द्यावासा वाटला. पण पाय उचलला नाही. मॅडमनी फर्मान काढलं की पुढचे काही रविवार उडी बंद. मात्र यायचं. बसायचं आणि बघायचं.

घरी त्यांनी दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या मोठ्या चादरींच्या घड्या चालल्या होत्या. दोन टोकं नवऱ्याकडे, दोन मावशींकडे, मग चालत एकमेकांजवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा लांब. सहा चादरी झाल्या तोवर सगळं सांगून झालं. सातवीला मावशी म्हणाल्या, "सोडूनच देते आता. तुमचं काय म्हणणं?"

नवरा चादर ताणून उभा राहिला.

"मला विचारशील तर सोड. म्हणून मला विचारू नकोस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दर रविवारी तू गेलीस की मी सगळी मशिनं एकदम चालू करतो. कपडे असोत नसोत. फोन वाजला तर ऐकू यायला नको म्हणून." त्याने टोकं जुळवली. "माझ्याएवढा भित्रा माणूस या गल्लीत नाही. पण संध्याकाळी तू दारातून आत येतेस ना, तेव्हा तुझं तोंड बघण्यासाठी मी दुकान उघडं ठेवतो. गेले काही रविवार ते तोंड घरी येत नाहीये. आणि त्या पोराला जाऊन सांग ना चुकले म्हणून. इथे मला आणि चादरींना काय सांगतेस?"

मावशींनी पुढची चादर उचलली. डोळ्यांत पाणी आलं ते वाफेने आलं असं दोघांनीही मानलं.

रविवारी त्या गेल्या. वायरमनला गाठलं, चुकले म्हणाल्या. तो म्हणाला, ठीक आहे मावशी, आणि विमानाकडे निघून गेला. खुर्ची मात्र नेहमीसारखी कोणी तरी पुढे केली. त्या बसल्या आणि दुर्बीण डोळ्याला लावली, कारण दुसरं करायचं काय?

आजवर त्यांनी गोल पाहिला होता तो जळफळत. आता आशाच नव्हती म्हणून नीट पाहिला. मोठ्या गोलात पहिली उडी एक ट्रकवाला मारायचा. घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर तो काम करायचा आणि स्वतःही कपाटाएवढा होता. तो बाहेर पडायचा आणि सोफ्यावर आडवं व्हावं तसा हवेत आडवा व्हायचा. बाकीचे त्याच्यामागून यायचे, डोकं खाली करून, सूर मारून, त्याच्यापर्यंत. तो काही करायचा नाही. कोणाकडे बघायचाही नाही. पहिल्या रविवारी मावशींना वाटलं, आळशी आहे. दुसऱ्या रविवारी त्या बाकावरून उठल्या आणि मॅडमना शोधत हँगरमध्ये गेल्या.

तो ट्रकवाला माझ्यापेक्षा जड आहे, मग तो खाली का निघून जात नाही, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या की जातो की, तोच सगळ्यांत जोरात पडतो. पण तो पहिला असतो. त्यामुळे गोल त्याच्या वेगाने पडतो, त्याला गोलामागे पळावं लागत नाही.

मावशींनी हँगरच्या दारातून वर आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी पहिली गेले तर?"

मॅडमनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही, लगेच हो पण नाही. पद्धत अशी होती की पहिला माणूस मुरलेला हवा. तो हलला तर मागून येणाऱ्यांना धरायला काही उरत नाही. आणि या बाईने नुकताच एकाचा जीव टांगणीला लावलेला.

"वजनाचा प्रश्न नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "तुमचं वजन चांगलं आहे. प्रश्न हातांचा आहे. माणूस दिसला की तुमचे हात पुढे जातात. पहिल्याने कोणाकडे जायचं नसतं. कोणी चुकत असला, लांब राहिला असला, तरी मदतीला जायचं नसतं. एका जागी पडत राहायचं आणि वाट बघायची. जमेल?"

मावशींना वाटलं, यात न जमण्यासारखं काय आहे? पण हँगरच्या फरशीवर सराव सुरू झाला तेव्हा कळलं. चाकं लावलेल्या चार फळ्या, प्रत्येकीवर एकेक माणूस पोटावर आडवा, आणि फरशीवरून सरकत एकमेकांपर्यंत यायचं. मावशींनी फक्त पडून राहायचं. डॉक्टरांची फळी जरा वाकडी आली की मावशींचा हात गेलाच त्यांना ओढायला. मॅडम ओरडायच्या, हात! मावशी हात मागे घ्यायच्या. पुन्हा डॉक्टर, पुन्हा हात. ज्या बाईने गिऱ्हाईक दारात दिसल्यावर त्याच्या हातातली पिशवी घ्यायला काउंटर ओलांडला, पोरीच्या बुटाची नाडी ती कॉलेजात जाईपर्यंत वाकून बांधली, तिला नुसती पडून राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच. सराव संपल्यावर त्यांची मान दुखायची, पण मानेपेक्षा हात जास्त थकलेले असायचे, काही न करून. वायरमनही सरावाला यायचा. मॅडमनी सांगितलं म्हणून यायचा. त्याची फळी मावशींच्या जवळ यायची आणि दोन वीत आधीच थांबायची. त्याला कोणी काही म्हटलं नाही. मावशीही नाही. त्याचं बरोबर होतं, असं त्यांना वाटे. मीही माझ्याजवळ आले नसते.

दुकानात त्या स्वतःशीच सराव करायच्या. नवरा कात्री शोधत असला की ती कुठे आहे हे ठाऊक असून गप्प बसायच्या. त्याला अर्धा तास कात्री मिळायची नाही. हा कसला खेळ आहे तुमचा, असं तो विचारायचा, यात मला दंड का?

मैदान बंद होण्याआधीचा शेवटचा रविवार उजाडला. मॅडमनी मावशींना उडीची परवानगी दिली. एक उडी. चौघं. मावशी पहिल्या.

दुपारी तयारी चालली असताना मॅडमनी लोखंडी कपाट उघडलं आणि आतून चार जाडजूड पट्टे काढून टेबलावर टाकले. टेबल हललं. त्यांनी एक स्वतःच्या कमरेला बांधला, एक डॉक्टरांना दिला. डॉक्टरांनी सुस्कारा सोडत बांधला. उरलेले दोन्ही वायरमनने घेतले, एकावर एक. त्याच्या लुकड्या कमरेवर ते घसरायला लागले तेव्हा त्याने खांद्यावरून दोरी घेऊन अडकवले.

हे काय आहे, असं मावशींनी विचारलं.

"शिसं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही ज्या वेगाने पडता त्या वेगाने पडायचं तर आम्हाला वजन लागणार ना? आज आम्ही सगळे घाईत."

मावशी बघत राहिल्या. त्यांनी हातपाय पसरले होते, कळ्या जोडल्या होत्या, उपाशी झोपल्या होत्या. आपण कमी झालो तरच आपल्याला जागा मिळेल, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की दुसरा काही हिशेब असू शकतो हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि इथे तीन शहाणीसुरती माणसं त्यांच्यासाठी कमरेला शिसं बांधून घेत होती, कोणी तोंड वाकडं न करता, रोजचं काम असल्यासारखं. त्यांनी गॉगल उगाचच पुसला.

विमान वर चढलं. आत नेहमीचा कानठळ्या बसवणारा आवाज, गुडघ्याला गुडघे. दाराजवळ बसायची मावशींची ही पहिलीच वेळ. इतके दिवस त्या सगळ्यांत आत, वैमानिकाच्या पाठीला पाठ लावून बसायच्या. दार उघडलं. उडी मारण्याआधी प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीवरचे पट्टे आणि मूठ तपासायची असते. मावशींच्या मागे वायरमन होता. त्याने तपासलं, सावकाश, एकेक बकल दाबून, आणि खांद्यावर थाप मारली. ठीक आहे, जा, याची ती खूण. तिच्यात आणखी काही होतं की नाही हे त्यांना कळलं नाही.

मावशींनी उडी मारली.

वारा अंगावर आला आणि त्यांनी त्याला अंग दिलं. पोट पुढे, मान वर, नजर लांब जिथे जमीन आणि आकाश भेटतात तिथे. आज पोट आत घ्यायचं नव्हतं, वेग लपवायचा नव्हता. जसं आहे तसं पडायचं होतं, आणि काय सांगू, वारा एकदम गुळगुळीत झाला. थरथर नाही, हेलकावा नाही. मागे वळून बघावं, आले का, निघाले का, ही इच्छा मानेत कळ यावी तशी उठली. त्यांनी बघितलं नाही.

डावीकडून डॉक्टर आले. आधी त्यांची सावली जाणवली, मग मनगटावर पकड बसली. हात असा हवेत कोणी धरला की काय वाटतं हे मावशींना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांचे गाल वाऱ्याने फुगले होते आणि ते मोठ्याने हसत होते. मग त्यांच्या पलीकडे मॅडम येऊन जुळल्या. तिघं झाले. मावशींचा उजवा हात रिकामा होता.

वायरमन समोर होता, जरा वर आणि बराच लांब. इतकं शिसं बांधूनही तो वर राहिला होता, कारण त्याने अंग पसरून वेग कमी केला होता. तो घाबरला होता. मावशींनी ते ओळखलं, कारण त्या तशा तीनदा-चारदा पसरल्या होत्या. त्याला दिसत होतं ते गोलातलं रिकामं घर नव्हतं, अचानक उघडलेलं पॅराशूट होतं. मावशींच्या उजव्या हाताला सगळं कळत होतं. पुढे हो, त्याला घे, पोर आहे, घाबरलंय. खांद्यापासून बोटांपर्यंत हात शिवशिवला. आणि मावशींनी आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम केलं. हात जिथे होता तिथे ठेवला. उघडा, स्थिर, न ओढणारा. त्याच्याकडे फक्त पाहिलं आणि पडत राहिल्या, एका वेगाने, एका रेषेत, ज्याच्यावर कोणीही डोळे मिटून विश्वास ठेवावा अशा.

वायरमनने बघितलं. मनगटावरचं उंचीचं घड्याळ पाहिलं. मग हातपाय जवळ घेतले आणि तो खाली यायला लागला, आधी दोन वीत, मग आणखी. शेवटच्या हातभर अंतरावर तो पुन्हा थांबला. मावशी हलल्या नाहीत. आणि मग त्याने हात लांब करून त्यांचं मनगट धरलं, गच्च, इतकं गच्च की दुसऱ्या दिवशी इस्त्री उचलताना दुखलं. दुसरा हात त्याने मॅडमना दिला. गोल पुरा झाला.

किती वेळ टिकला कोण जाणे. फार नाही. मॅडमनी मान हलवली, चौघांनी हात सोडले, वळून चार दिशांना लांब गेले. मावशींनी घड्याळावर ठरलेली उंची येऊ दिली आणि मगच मूठ ओढली.

सगळ्यांत आधी त्याच उतरल्या. कापलेल्या गवतात गुडघ्यांवर बसून राहिल्या आणि रडल्या, चांगल्या मोठ्याने, कारण आसपास कोणी नव्हतं. मग तिघेही जवळपास उतरले. वायरमन पॅराशूट खांद्यावर गोळा करून पट्टे सावरत त्यांच्याकडे आला तेव्हा मावशी उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा त्याच दिवसाबद्दल बोलायला लागल्या. त्याने ऐकून घेतलं नाही.

"ते झालं मावशी. चला, घड्या घालायच्यात, शेवटच्या फेरीचं विमान लागलंय, मॅडमनी तुमचंही नाव घातलंय." त्याने हाताने हवेत जागा दाखवली, जशी घरात पंखा कुठे येणार हे तो गिऱ्हाइकाला दाखवत असेल. "ट्रकवाला पहिला, त्याच्याबरोबर तुम्ही. तुमच्या उजव्या हाताला मी."

"चालेल," मावशी म्हणाल्या, आणि गवतातून हँगरकडे चालायला लागल्या.